वर गेलेला हात

दुकान, ६ जानेवारी

ती. अक्काच्या पायांशी,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोन का घेत नाहीस म्हणून रागावतेस. अगं, घेऊन करू काय? उजव्या कानात कित्येक वर्षांत काही शिरलेलं नाही आणि डाव्याला फोन लावला की तुझं बोलणं डब्यात खडे हलवल्यासारखं येतं. मागच्या खेपेला तू म्हणालीस नातू पहिला आला, मला ऐकू आलं वाहून गेला, आणि मी भर दुपारी दुकानाची फळी लावून रडत बसलो. त्यापेक्षा पत्र बरं. अक्षर तरी खोटं ऐकू येत नाही.

बातमी अशी की तुझ्या भावाला स्टेजवर बोलावलंय. हसू नकोस. आपली धाकटी चिमी ग्रंथपाल झाल्यापासून वाचनालयात नुसती पुस्तकंच बदलून मिळत नाहीत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी ती हॉलमध्ये कार्यक्रम ठेवते. एका महिन्यात कुणी कारागीर येऊन आपलं काम करून दाखवतो, दुसऱ्या महिन्यात गावातला एखादा प्रश्न घेऊन चर्चा. टोपल्या विणणारी बाई येऊन गेली, कुंभार येऊन गेला. परवा चार तारखेला कचऱ्याच्या गाड्यांवरून तासभर भांडण झालं म्हणे. चर्चा संपली की अध्यक्ष, म्हणजे ते रिटायर झालेले हेडमास्तर, हात वर करायला सांगतात आणि जे ठरेल ते नगरपालिकेला कळवतात. असं करूनच आपल्या गल्लीचं गटार झालं, नाहीतर अजून उड्या मारत घरी गेलो असतो.

फेब्रुवारीच्या शनिवारी माझी पाळी. तांबटकाम दाखवायचं. चिमी म्हणाली, दादा, सपाट पत्र्याचं भांडं होताना या गावात कुणी पाहिलेलंच नाही. मी म्हटलं, पाहिलं नसेल, पण ऐकलंय सगळ्यांनी. वाचनालयाची खिडकी आमच्या गल्लीवरच उघडते ना! अभ्यासाला येणारी पोरं आमच्या ठोक्यांना वैतागलीत. त्यावरून नगरपालिकेने मधे विचारलं होतं की गल्ली राजी असेल तर नदीपलीकडे पत्र्याच्या शेड बांधून देतो. आम्ही पाचही दुकानदारांनी नाही म्हटलं. खरं तर मी नाही म्हटलं आणि बाकीचे माझ्यामागे उभे राहिले. बाबांनी ऐरण बसवली ते लाकूड जमिनीत कमरेइतकं खोल गेलंय. ते सोडून शेडमध्ये बसून मला ठोका जमायचा नाही, आणि या वयात नवीन जागी मला बसायचंही नाही.

कानाच्या डॉक्टरीणबाईंचं विचारलंस. त्या तेच म्हणतात, हातोडा सोडा, नाहीतर डावाही जाईल. चिमी बरोबर होती, तिने तोंड एवढंसं केलं. मी म्हटलं, बघू.

माझ्यावरची तुझी माया दिवसेंदिवस वाढतच राहो.

तुझा,
ठोक्या


१५ जानेवारी

चि. ठोक्यास,
तुझ्या अक्काचे पोटभर आशीर्वाद.

अगं बाई, स्टेजवर! तुला लहानपणी पाहुण्यांसमोर उभं केलं की तू कॉटखाली जायचास. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, मामांचा फोटो काढून पाठवायला सांगा. तो मळका बनियन घालून जाऊ नकोस. माझ्या मुलाने दिलेला निळा सदरा आहे ना, तो घाल, आणि बाह्या कोपरापर्यंतच दुमड. खांद्यापर्यंत नको, हमालासारखं दिसतं.

माझे गुडघे जागेवर आहेत. मीच जागेवर नसते, सारखी नातवाच्या मागे.

कानाचं तू 'बघू' म्हणालास, ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. बाबाही असंच म्हणायचे. पण तुला सांगून उपयोग नाही हे मला माहीत आहे, म्हणून सांगत नाही. एवढंच कर, कार्यक्रमात चिमी जवळ असेल असं बघ. माइकवरचं तुला काही कळायचं नाही. ती सांगेल तसं कर, उगाच स्वतःच्या मनाने काहीतरी बोलून हसं करून घेऊ नकोस.

तब्येत सांभाळ आणि म्हातारीला विसरू नकोस.

तुझी,
अक्का


दुकान, २ फेब्रुवारी

ती. अक्काच्या पायांशी,
शि. सा. न. वि. वि.

अक्का, काल तू हवी होतीस!

हॉल भरून मागे माणसं उभी. शेजारच्या कल्हईवाल्याने माझी छोटी ऐरण हातगाडीवरून नेली आणि स्टेजवर चढवताना 'नवरदेव आला, नवरदेव आला' करून सगळ्या गल्लीला हसवलं. निळा सदरा घातला होता. बाह्या कोपरापर्यंत. झालं समाधान?

आधी खाली शिरायला स्टेजवर कॉट शोधत होतो. मग पत्रा हातात घेतला आणि समोर माणसं आहेत हे विसरलो. गोल कापलेला पत्रा, मधून ठोकत ठोकत बाहेर आलो, वाटी व्हायला लागली. तांबं मार खाऊन कडक होतं, मग ते तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ पडतं, हे दाखवलं तेव्हा मोठी माणसंसुद्धा खुर्चीवरून उठून पुढे आली. आमच्या आवाजाची तक्रार करणाऱ्यांतलीच एक मुलगी वर आली, चार ठोके घातले, चौथा स्वतःच्या अंगठ्यावर. मग म्हणाली, काका, आवाज करणं एवढं अवघड असतं हे माहीत नव्हतं. हे तिने माझ्या तोंडासमोर येऊन म्हटलं म्हणून कळलं. मला फार बरं वाटलं.

शेवटी हेडमास्तर बोलले. बरंच बोलले. माझ्याकडे पाहून हात जोडले, मीही जोडले. मग त्यांनी काहीतरी विचारलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नेहमीसारखं चिमीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी हात वर केला, त्यात हातोडा तसाच होता, म्हणून थोडे हसले. माझ्यामागून गल्लीतल्या चौघांचे हात वर गेले, मग हॉलमधले. केवढ्या टाळ्या! पुढच्या वर्षी पुन्हा बोलवायचं का, असंच काहीतरी असणार. मी म्हणतो बोलवा, पुढच्या वर्षी किटली करून दाखवतो.

चिमी मात्र नंतर भेटलीच नाही. डोळे पुसत आत गेलेली पाहिली. भावाचं कौतुक झालं की बहिणींचं असंच होतं का गं? ती तयार झालेली वाटी तिच्या टेबलावर ठेवून आलो.

आज हात दुखतोय, पण सुखाने दुखतोय. तुझा जीव आहे तसाच माझ्यावर राहू दे.

तुझा,
ठोक्या


वाचनालय, ३ फेब्रुवारी

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

झालं. तू लिहिलं होतंस तसंच झालं, अक्षरशः तसंच. काम दाखवणं आणि चर्चा एकाच दिवशी ठेवली. त्याला आधी काही सांगितलं नाही. हेडमास्तरांनी गल्ली नदीपलीकडे हलवण्याचा विषय काढला आणि सरळ विचारलं, ज्यांचं दुकान जाणार त्यांना मान्य आहे का. त्यांना वाटतं मी दादाशी सगळं बोलले आहे. दादाने माझ्याकडे पाहिलं. तू लिहिलं होतंस, तो तुझ्याकडे बघेल तेव्हा फक्त मान हलव, बाकी आपोआप होईल. मी मान हलवली.

अक्का, तो हसत हात वर करत होता गं. कुणीतरी बक्षीस देतंय आणि आपण घेतोय, असा.

मला पुढचं काही दिसलं नाही. पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसले. बाहेर आले तर टेबलावर त्याने केलेली वाटी. ती मी कपाटात टाकली आहे, बघवत नाही. माझंच मन मला खातंय. पोरांना शांतता मिळावी हे मलाही हवं होतं, ते तुला खोटं सांगत नाही, आणि म्हणून तर जास्तच लाज वाटते. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी ऐकलंय, दादाचा कान वाचायला हवा हेही खरं. पण हे असं?

अजून त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. गल्लीतल्यांना वाटतंय, त्याने विचार करून हात वर केला. मी जाऊन सांगू का? तू सांगशील तसं करते. तुझ्याशिवाय मी कुणाला विचारणार?

रागावू नकोस, मला जवळ धर.

तुझी,
चिमी


१० फेब्रुवारी

चि. चिमीस,
अक्काचे आशीर्वाद आणि थोडी दटावणी.

आधी डोळे पूस. तू काही पाप केलेलं नाहीस.

बाबांचं तुला आठवत नसेल, तू परकर सावरत फिरायचीस तेव्हा. मला आठवतं. दोन्ही कान गेले होते, तरी ऐरणीवरून उठायचे नाहीत. त्या दिवशी ते दुकानासमोर रस्त्यात पाठमोरे उभे, एक टेम्पो मागे येत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, माणसं ओरडत होती, मी दारातून ओरडत होते. सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं, त्यांना गेलं नाही. मी अजून तशी ओरडत जागी होते. आता आपला ठोक्या त्याच रस्त्यावर, त्याच दुकानात, तसाच बहिरा होऊन बसणार आणि आपण बघत राहायचं? मी राहणार नाही.

शेडमध्ये तो जायचा नाही, मला पक्कं माहीत आहे. तिथून दुकान गेलं की हातोडा सुटेल. चार महिने फुगून बसेल, मग मी त्याला इकडे आणेन, नातवाला खेळवेल. सरळ सांगून तो ऐकणारा असता तर तुला मान हलवायला कशाला लावली असती?

तेव्हा गप्प बस. त्याला कळेल तेव्हा कळेल. आणि कळलंच तर माझं नाव मधे आणू नकोस. तुझ्यावर चिडेल, दोन दिवसांत विसरेल, तू धाकटी. माझ्यावर चिडला तर मग त्याला इकडे यायला जागा उरणार नाही. एवढं तुला कळतं, शहाणी आहेस.

जेवत जा वेळेवर. तुझ्या काळजीतली,

अक्का


दुकान, १४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.



पंधरा दिवस कल्हईवाला माझ्याशी बोलत नव्हता. तुला माहीत आहे, आमची दोघांची दुकानं म्हणजे मधे एक भिंत आणि तिलाही भोक. मी भांडं ठोकायचं, भोकातून सरकवायचं, त्याने कल्हई लावायची. त्या भोकात त्याने गोणपाट कोंबलं. मला वाटलं थंडी वाजत असेल. मग काल नगरपालिकेचा माणूस टेप घेऊन आला आणि माझं दुकान मोजायला लागला. मी त्याला हाकलून देत होतो, तेवढ्यात कल्हईवाला आला आणि माझ्यावरच ओरडायला लागला. मला कळेना. शेवटी त्याने खडू घेतला आणि माझ्या जमिनीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: तूच हात वर केलास.

त्याला खाली बसवून एकेक विचारलं. त्याने लिहिलं, मी वाचलं. अक्का, त्या दिवशी मला कुणी पुन्हा बोलावत नव्हतं. ही गल्ली उठवायला तुम्ही राजी आहात का, असं विचारलं होतं! आणि मी हसत, हातोड्यासकट हात वर केला. बाकीचे चौघे माझ्याकडे बघून चालतात, त्यांनीही केले. आता गल्लीत म्हणतात, याने आम्हाला नाही म्हणायला लावलं आणि वेळ आल्यावर हात वर केले. मी एक हात वर केला होता गं. त्याचं हे होऊन बसलं.

मी कुणाला काय सांगू? मला ऐकू आलं नाही म्हणू? मग मान का हलवली चिमीने?

तुला ठाऊक आहे मी तिच्या मानेवर कसा जगलोय. उजवा कान गेला तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून बँकेत, दवाखान्यात, कुणाच्या लग्नात, दारावर आलेल्या गिऱ्हाइकासमोर, मला कळलं नाही की मी तिच्याकडे बघतो. तिने मान हलवली की हो, पापणी मिटली की नाही. मी आजवर एकदाही तिला विचारलं नाही की कशाला हो म्हणालो. गरजच वाटली नाही. माझा डावा कान गेला तरी भ्यायचं कारण नाही, चिमी आहे, असं मनात धरून होतो. आणि तिने भर सभेत केसाने गळा कापला. कशासाठी? तर तिच्या वाचनालयात शांतता हवी म्हणून! तिथल्या पोरांची डोकी दुखतात म्हणून सख्ख्या भावाला फसवलं.

ती दुकानाशी आली होती. मी फळी लावून घेतली. बाहेर उभी राहून काहीतरी बोलत होती, तोंड हलताना फटीतून दिसत होतं. पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं ऐकू येत नाही.

आता माझं म्हणावं असं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. तू इथे असतीस तर असं होऊच दिलं नसतंस. लवकर लिही, मला काही सुचत नाही.

तुझाच,
ठोक्या


२० फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अक्काचे उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. जिवाला लावून घेऊ नकोस, रक्तदाब वाढवून घेशील. चिमी लहान आहे, तिने केलं असेल तर तुझ्या कानाची काळजी वाटून केलं असेल. डॉक्टरीणबाई सांगून थकल्या, तूच ऐकत नव्हतास. रागाच्या भरात तिला तोडू नकोस, पोर खाणंपिणं सोडून बसेल.

मी म्हणते, झालं ते झालं. कदाचित यातूनच काही चांगलं होईल. दुकान जायचंच असेल तर थोडे दिवस इकडे ये. मागची खोली रिकामी आहे, उजेड चांगला येतो. नातू तुझी वाट बघतो. त्याला तू तांब्याचा भोवरा करून देणार होतास ना?

गल्लीतल्यांचं मनावर घेऊ नकोस, चार दिवसांनी सगळे शेडमध्ये सुखाने बसतील.

माझं ऐक आणि मला दुरावू नकोस.

तुझी,
अक्का


२७ फेब्रुवारी (दाराच्या फटीतून टाकते आहे)

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू दार उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. एकाच गावात राहून तुला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मी तुला फसवलं. का, ते सांगत बसत नाही, कारण कुठलंही कारण सांगितलं तरी ते तुझ्यासमोर उभं राहणार नाही. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी मान हलवली, एवढंच खरं. शनिवारी, एक तारखेला, पुन्हा सभा आहे. विषय पाण्याच्या वेळांचा आहे, पण हेडमास्तरांना सांगून मी आधी पाच मिनिटं मागून घेतली आहेत. तू ये. माझ्यासाठी नको, दुकानासाठी ये. पुढच्या रांगेत मधली खुर्ची ठेवते.

माझ्यावर माया कर असं म्हणायचा हक्क मी घालवला आहे. तरी म्हणते.

तुझी,
चिमी


दुकान, ३ मार्च

अक्कास,

शनिवारी गेलो होतो. जाणार नव्हतो, पण कल्हईवाल्याने गोणपाट काढून भोकातून हात घातला आणि मला सदऱ्याला धरून ओढलं.

चिमी बोलायला उभी राहिली तेव्हा तिने माइक बाजूला केला आणि स्टेजवरून खाली उतरून माझ्या समोर येऊन बोलली. पाठ सगळ्या हॉलकडे, तोंड माझ्याकडे. सावकाश, एकेक शब्द. म्हणजे आधी मला कळावं आणि मग लोकांना. म्हणाली, माझ्या भावाला त्या दिवशी प्रश्न ऐकू आला नव्हता. तो माझ्या मानेवर विश्वास ठेवतो. मला माहीत होतं तो नाही म्हणेल, म्हणून मी त्याच्याकडून हो करवून घेतलं. तो हात त्याचा नव्हता, माझा होता.

मागची माणसं उठून उभी राहिली, कुणी कुणी ओरडत होते. हेडमास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी कार्यक्रमांचं काम तिच्याकडून तिथल्या तिथे काढून घेतलं. एवढ्या हौसेने तिने ते उभं केलं होतं. 

मग पुन्हा हात वर करायला सांगितलं, फक्त आम्हा पाच दुकानदारांना. या वेळी हेडमास्तरांनी प्रश्न फळ्यावर लिहिला. कल्हईवाल्याने हात वर केला. मी बघतच राहिलो. नंतर म्हणाला, माझ्या दुकानात पाणी येत नाही, शेडमध्ये नळ आहे, कधीपासून जायचं होतं पण तुझ्यापुढे बोलवत नव्हतं; राग आला तो तू आम्हाला अडवून ठेवून स्वतः न सांगता फिरलास याचा. आणखी एकाने केला. आम्ही तिघांनी खाली ठेवले. ते दोघे जातील, आम्ही राहू. वाईट वाटलं, पण त्यांच्यावर राग आला नाही, त्यांनी आपापला हात वर केला. भिंतीतलं भोक तेवढं बुजवावं लागेल.

आता तुझं.

सभेत कुणीतरी चिमीला विचारलं, ही कल्पना कुणाची; कल्हईवाल्याने ते माझ्या डाव्या कानाशी सांगितलं. ती म्हणाली, माझ्या एकटीची. अक्का, मला ऐकू येत नाही, पण ती माझ्या समोर उभी होती आणि तिचा चेहरा मी ती रांगत होती तेव्हापासून बघतोय. ती खोटं बोलत होती. स्वतःला वाचवायला नाही, तसं असतं तर उभीच राहिली नसती. कुणाला तरी वाचवत होती. आणि चिमी साधी छत्री घ्यायची तरी तुला विचारून घेते. आपल्या घरात माणसं तीन. मी नाही. ती एकटी नाही.

घरी येऊन तुझं वीस तारखेचं पत्र पुन्हा काढलं. बहिणीने मला सभेत विकलं असं मी लिहितो, आणि तुला नवल वाटत नाही. तू विचारत नाहीस कसं केलं, का केलं, तिला जाब विचारू का. तू मागची खोली झाडून ठेवलेली आहेस.

मी चिमीला विचारलं नाही. तिला आणखी किती उघडं पाडायचं? ती शनिवारी माझ्यासमोर उभी राहिली, तिचं आणि माझं हळूहळू होईल काहीतरी. तिच्याशी बोलतोय, अजून नीट नाही. तू मात्र माझं सगळं रडगाणं वाचलंस. तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही म्हणून मी लिहिलं, तेही वाचलंस, आणि मला वर आशीर्वाद पाठवलेस. चिमीची मान हलली, पण हलवणारी तू होतीस.

बाबांचं मला आठवतं. तुझ्याइतकंच आठवतं. तुझ्या मागे दारात मीच उभा होतो. तू कशाला भ्यालीस ते मला कळतं, ते तू मला सांगायचं होतंस. तिला नाही, हेडमास्तरांना नाही, मला. आई गेल्यावर तुझं कुठलं म्हणणं मी मोडलं? शाळा सोड म्हणालीस, सोडली. दुकान सांभाळ म्हणालीस, सांभाळलं. तू फक्त एक ओळ लिहायची होतीस, ठोक्या, माझ्यासाठी उठ तिथून. मी आठ दिवस कुरकुरलो असतो, दोन भांडी आपटली असती, आणि उठलो असतो गं. निमूट तुझ्याकडे येऊन बसलो असतो.

आता डावा कान गेला तरी उठणार नाही.

ठोक्या